गणपूर्तीअभावी

मी एका वाचनालयाचा आजीव सभासद आहे. घटनेच्या पुस्तिकेत ‘आजीव’ म्हणजे एकरकमी वर्गणी भरलेला, असा अर्थ दिला आहे. व्यवहारात त्याचा अर्थ ‘ज्याच्या दारी पुन्हा पावतीपुस्तक घेऊन जाता येत नाही असा इसम’ एवढाच उरतो. महिन्याची वर्गणी भरणारा मनुष्य निदान पैसे वसूल करण्यासाठी तरी पुस्तके नेतो. आजीव सभासदाला तीही निकड नाही. वाचनालय कुठे जात नाही, आपणही नागपूर सोडून कुठे जात नाही. नेऊ पुस्तक सवडीने! अशा निर्धास्तपणात वर्षांमागून वर्षे निघून जातात.

माझी अशी किती वर्षे निघून गेली, ते मला २०२३ सालच्या जून महिन्यात चारचौघांसमोर कळले. ती हकीकत या दिवाळीत वाचकांना सांगावी म्हणतो. फराळाच्या ताटाशी बसून स्वतःची फजिती सांगायला हरकत नसते. चकलीबरोबर तीही खपून जाते.

आमचे वाचनालय महालातल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, नऊ कपाटे, वर्तमानपत्रांसाठी एक लांबलचक टेबल आणि उन्हाळ्यापुरता एक कूलर. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे वाचकांची संख्या वाढते. ती साहित्यप्रेमामुळे की कूलरमुळे, याचा उलगडा आमच्या कोषाध्यक्षांना अजून झालेला नाही. विजेचे बिल मात्र तेच भरतात.

त्या जूनमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आली. मागील सभेचे इतिवृत्त, वार्षिक अहवाल, हिशेबाला मंजुरी, आणि विषय क्रमांक चार : ‘वाचनालयाचे सायंकाळचे सत्र बंद करण्याबाबत विचार करणे.’ हा ठराव मी मांडावा, असा चिटणीसांचा आग्रह होता. मी मुद्देसूद बोलतो, अशी माझी वस्तीत ख्याती आहे. ती बहुतांशी मीच पसरवलेली आहे.

ठरल्या वेळी गेलो, तर एकवीसच्या गणपूर्तीला आम्ही नऊजण हजर. त्यातही एकजण वर्तमानपत्र वाचायला आलेला होता. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आणि दरवर्षीचे वाक्य उच्चारले, “गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत असून, तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल.” तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. घटना लिहिणाऱ्यांना आपली माणसे किती ओळखता येत होती, याचा हा पुरावाच समजावा.

त्या अर्ध्या तासात सभासदांनी कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्रीपोहे खायचे, हीदेखील आमची परंपरा आहे. चिटणीस निवृत्त शिक्षक आहेत; सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. मी प्लेट हाती घेऊन सरांना म्हणालो, “एवढी ओढाताण आपण तरी कशाला करायची? सरकारी वाचनालय आहे. सरकार पाहून घेईल.”

सरांचा चमचा हवेतच थांबला. “सरकारी? कोण म्हणे जी?”

“पाटीवर ‘शासनमान्य’ लिहिलं आहे ना!”

“मान्य लिहिलं आहे, मालकीचं नाही. तुम्हीही सरकारमान्य नागरिक आहात. म्हणून काय सरकार तुम्हाला जेवू घालून राहिलं?”

गाडीवरची मंडळी हसली. मीही हसलो, पण घरी आल्यावर मला स्वस्थ बसवेना. ज्या संस्थेचा मी वीस-बावीस वर्षे सभासद, ती नेमकी कोणाची, हे मला ठाऊक नव्हते! पुढच्या महिनाभरात सरांकडून आणि त्यांनी दिलेल्या चोपड्यांतून जे समजले, ते आधी थोडक्यात सांगतो. त्याशिवाय विषय क्रमांक चारमध्ये काय पणाला लागले होते, ते ध्यानात यायचे नाही.

आपल्याकडे वाचनालय हे सरकारने लावलेले झाड नव्हे. ते बहुधा गावाच्या वर्गणीवर वाढलेले आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४० सालचे. पुण्यात १८४८ साली जे ग्रंथालय निघाले, त्याच्या उभारणीत लोकहितवादींचा पुढाकार होता. कोल्हापूरचे नगरवाचन मंदिर १८५० सालचे, अमरावतीचे नगर वाचनालय १८६७ सालचे. पुढे केवळ मराठी पुस्तकांचा संग्रह करावा, या ईर्ष्येने ठाण्यात १८९३ साली आणि मुंबईत १८९८ साली मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली. सुरुवातीच्या काही ठिकाणी साहेबमजकुरांचे प्रोत्साहन होते, कुठे संस्थानिकाचा आश्रय होता. पण रोजची दिवाबत्ती, पुस्तकांची बांधणी आणि शिपायाचा पगार हा सारा भार वर्गणीवर आणि देणग्यांवर.

गंमत पाहा. कोल्हापूरचे वाचन मंदिर निघाले त्याच १८५० साली विलायतेच्या पार्लमेंटने वाचनालयांचा कायदा केला आणि घरपट्टीसारख्या करात पौंडामागे अर्धा पेनी वाचनालयासाठी घेण्याची मुभा शहरांना दिली. तिकडे वाचनालय करावर उभे राहिले, इकडे वर्गणीवर. कर चुकवता येत नाही. वर्गणी चुकवता येते. या एका फरकातून आमच्या वाचनालयांचे सगळे सुखदुःख निघाले आहे.

एका मराठी राजाने मात्र हा प्रश्न फार आधी ओळखला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि गावोगाव मोफत वाचनालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या खेड्यांतून फिरू लागल्या. तिथला व्यवहारही शहाणपणाचा होता. गावाने जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच दरबाराने. म्हणजे राजा देणार खरा, पण गावाने आधी स्वतःच्या खिशात हात घातला पाहिजे!

मुंबई सरकारने १९३९ साली आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फैजी हे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. या समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातल्या वाचनालयापर्यंत एकेक पायरी आखून दिली. पण लढाईचा काळ, पैसा कुठला? आराखडा बराच काळ कागदावर राहिला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासने १९४८ साली केला. त्यामागे ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांची खटपट होती. मद्रासच्या कायद्यात घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा उपकर ठेवलेला होता. हैदराबाद राज्याने १९५५ साली कायदा केला, आणि मराठवाडा तेव्हा त्या राज्यात होता.

आणि आमचे नागपूर? ते १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी. फैजींची योजना मुंबई इलाख्यासाठी. तिचा आमच्याशी संबंध नाही. हैदराबादचा कायदाही आम्हाला लागू नाही. पण म्हणून इकडे पुस्तकांवाचून कोणाचे अडले नव्हते. राजाराम सीताराम दीक्षित वाचनालयासारख्या संस्था कायद्याची वाट पाहत बसल्या नाहीत. विदर्भ साहित्य संघ १९२३ साली अमरावतीत स्थापन झाला, पुढे नागपुरात आला, आणि त्याच्याबरोबर त्याचा ग्रंथसंग्रहही इथे रुजला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. नव्या संसारात कोणी फैजींचा आराखडा घेऊन आले, कोणी निजामी मुलखातला कायदा घेऊन आले. आम्ही आमची पावतीपुस्तके घेऊन गेलो.

या सगळ्यांना एका छपराखाली आणणारा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि १९६८ च्या महाराष्ट्र दिनापासून अमलात आला. मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य ग्रंथालय परिषद, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथालय समित्या, मुंबईला ग्रंथालय संचालनालय, नागपूरसारख्या विभागात सहायक संचालक आणि जिल्ह्याला ग्रंथालय अधिकारी, अशी उतरंड त्यातून उभी राहिली. ग्रंथालय निधीत सरकारने दरसाल किमान २५ लाख रुपये घालावेत, असे कायद्यातच लिहिले. मद्रासप्रमाणे कर मात्र ठेवला नाही. सरकारने स्वतः चालवलेली ग्रंथालये मोजकी : राज्याचे मध्यवर्ती, विभागांची आणि जिल्ह्यांची. बाकी सगळी लोकांची. लोकांनी संस्था नोंदवायची, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त म्हणून नाव घालायचे, पुस्तके, सभासद आणि उघडे राहण्याचे तास यांची अट पाळायची. मग सरकार ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा ‘ड’ असा वर्ग देणार आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान. १९७० साली त्याचे नियम झाले. २०२३ साली अशी शासनमान्य ग्रंथालये राज्यात अकरा हजारांच्या पुढे होती. एवढा पसारा निव्वळ सरकारी हुकमाने कोणाला उभा करता आला असता, असे मला वाटत नाही.

आमचे वाचनालय ‘ड’ वर्गातले. शाळेत ‘ड’ तुकडीत असलेल्या मुलाला जे वाटते, तेच आम्हाला वाटते. या वर्गाला वर्षाला तीस हजार रुपये मिळत. २०२२ च्या अखेरीस सरकारने सगळ्याच वर्गांचे अनुदान साठ टक्क्यांनी वाढवले, तेव्हा आमचे अठ्ठेचाळीस हजार झाले. पेढे वाटले होते, मला आठवते. पण पेढा खाताना मी हिशेब केला नव्हता. अनुदानाचा निम्मा भाग पगारावर आणि निम्मा पुस्तके, मासिके, भाडे, वीज यांवर, असा नियम. अठ्ठेचाळीस हजारांचे निम्मे चोवीस हजार. चोवीस हजारांना बाराने भागा.

दोन हजार रुपये. आमच्या ग्रंथपालताईंचा महिन्याचा पगार! त्यात संस्था पंधराशे घालत होती. साडेतीन हजारांत त्या सकाळी अडीच तास आणि संध्याकाळी अडीच तास दार उघडत होत्या, दाखलनोंदी करत होत्या, फाटकी पाने चिकटवत होत्या आणि आमच्या घरच्या मुलांना परीक्षेची पुस्तके शोधून देत होत्या. दुपारी ब्लाउज शिवत होत्या. आणि आता त्यांना सीताबर्डीवर साड्यांच्या एका दुकानात नोकरी मिळत होती : अकरा ते आठ, पगार नऊ हजार.

विषय क्रमांक चार उगवला तो इथून.

तर्रीपोहे खाऊन आम्ही परत आलो. सभा भरली, इतिवृत्त वाचले, हिशेब मंजूर झाला. मी उभा राहिलो आणि मुद्देसूद बोललो. हल्ली लोक मोबाइलवर वाचतात, संध्याकाळी मालिका असतात, रहदारीतून कोणी येत नाही. तरी सायंकाळचे सत्र बंद करावे, म्हणजे ताईंची सोय होईल आणि विजेची बचत होईल. “नाहीतरी संध्याकाळी इथे येतं कोण?” असे म्हणून मी खाली बसलो. चौघांनी मान डोलावली.

ताई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. त्या सभासद नाहीत. सभेत बोलायचा त्यांना अधिकार नाही. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष म्हणाले, “बोला ना ताई.”

त्या बोलल्या नाहीत. उठल्या, देवघेवीची वही आणली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. “काका, तुम्हीच वाचा. संध्याकाळची पानं आहेत.”

मी वाचू लागलो. दहावीतल्या दोघी बहिणी. बँकेच्या एटीएमवर रात्रपाळी करणारा पहारेकरी : आठवड्याला दोन कादंबऱ्या. एक ऑटोवाला : शिकारकथा. स्पर्धा परीक्षेची पाच-सहा मुले : पुस्तके घरी नेत नाहीत, इथेच बसतात, कारण घरी एका खोलीत पाचजण. एक आजी : त्यांच्यासाठी नात पुस्तक बदलून नेते. पानामागून पान. रोज दहा-बारा नावे. वहीत नाव नव्हते ते फक्त त्या सभेत बसलेल्या आम्हा नऊजणांचे.

मग ताईंनी सभासदांच्या कार्डांचा डबा काढला आणि माझे कार्ड शोधून दिले. शेवटचे पुस्तक नेल्याची तारीख होती १४ ऑगस्ट २००९. परत केल्याची तारीख नव्हती.

“ते पुस्तक आणून द्या, असं म्हणायला मी तीनदा तुमच्या घरी येऊन गेली,” ताई शांतपणे म्हणाल्या. “वहिनींनी चहा दिला. पुस्तक सापडलं नाही.”

आजवर मी पुष्कळ सभांतून बोललो आहे. इतका निरुत्तर कधी झालो नव्हतो.

तेव्हा सरांनी खरी अडचण सांगितली. सायंकाळचे सत्र बंद केले की वाचनालय उघडे राहण्याचे तास कमी भरणार. तास कमी भरले की मान्यतेचा प्रश्न येणार. २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यातल्या सगळ्या ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नव्या मान्यता बरीच वर्षे थांबल्या होत्या. “एकदा गेलेला ‘ड’ परत येईलच, असं समजू नका,” सर म्हणाले. “आपण आज एक सत्र बंद करून नाही राहिलो, हे वाचनालय बंद करून राहिलो आहोत. फक्त तसं विषयपत्रिकेवर लिहिलेलं नाही.”

कोषाध्यक्ष म्हणाले, “मग सरकारला पत्र लिहू. दोन हजारांत माणूस कसा राहील?”

“पत्र लिहूच,” सर म्हणाले. “संघटनेची माणसं वर्षानुवर्षं लिहीत आहेत. प्रभा राव समिती झाली, पत्की समिती झाली. वेतनश्रेणी मागून पोरांचे केस पांढरे झाले. मागणी रास्त आहे, सोडायची नाही. पण उद्या संध्याकाळी साडेपाचला कुलूप कोण उघडणार, ते आज ठरवा.”

सभेत शांतता पसरली. कूलरचा तेवढा आवाज येत होता.

ती शांतता सहन न होऊन मी म्हणालो, “गुरुवारी मी येतो.”

हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, मला सांगता येत नाही. न परत केलेल्या पुस्तकाने ते काढले असावेत. पण एकजण बोलला की दुसऱ्याला न बोलणे जड जाते. सोमवार सरांनी घेतला, मंगळवार कोषाध्यक्षांनी, बुधवार एका निवृत्त परिचारिकाबाईंनी. वर्तमानपत्र वाचायला आलेल्या गृहस्थांनी शुक्रवार घेतला आणि त्याच दिवशी सभासदत्वाचा अर्ज भरला. शनिवारी दोघातिघांनी आळीपाळीने यायचे ठरले. ताईंनी सकाळचे सत्र ठेवले. वर्गणी वीस रुपयांची चाळीस केली, आणि सगळ्या आजीव सभासदांनी वर्षाला हजार रुपये ऐच्छिक द्यावेत, असा ठराव झाला. तो मीच मांडला. यावेळी मुद्दे फारसे नव्हते.

आता गुरुवारी मी कुलूप उघडतो. पहिल्या महिन्यात मी तीन पुस्तके चुकीच्या कपाटात ठेवली आणि सकाळी ताईंनी ती मुकाट्याने जागेवर लावली. पहारेकरी मला ‘सर’ म्हणतो आणि कादंबरी चांगली निघाली नाही तर माझ्याकडे तक्रार करतो. त्या दोघी बहिणींतली मोठी बारावी झाली. ऑटोवाल्याने सगळ्या शिकारकथा संपवल्या. त्याला मी आता प्रवासवर्णनांकडे वळवतो आहे.

हे सांगून मी फार मोठा पराक्रम केला, असे मला सुचवायचे नाही. आम्ही गुरुवार-शुक्रवार वाटून घेतले, म्हणून ताईंना माणसासारखा पगार मिळू लागला असे नाही. त्या अजून अकरा वाजता सीताबर्डीला साड्यांच्या घड्या घालायला जातात. कायद्याने आम्हाला मान्यता दिली, निम्मे-शिम्मे अनुदान दिले. बडोद्याच्या राजाच्या हिशेबात गाव, पंचायत आणि दरबार यांचे तीन वाटे होते. आमच्या हिशेबात दरबाराचा वाटा तोकडा आहे, तो वाढला पाहिजे, आणि मी तसे पत्रही लिहिले आहे. पण गावाचा वाटा कोणी बुडवला होता, हे मला माझ्या कार्डावर वाचायला मिळाले. दरबाराकडे बोट दाखवण्याची जरा लाज वाटते ती त्यामुळे.

वाचकहो, तुमच्याही पेठेत असे एखादे वाचनालय असेलच. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंका उघडाल, तेव्हा आतल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर एखादा जांभळा शिक्का दिसतो का, तेवढे पाहा. माझे पुस्तक त्याच दिवाळीत सापडले. देवघरातल्या फळीखाली, पंचांगांच्या गठ्ठ्यात. दंडाचा हिशेब करायला बसलो, तर ताईंनी थांबवले. म्हणाल्या, “राहू द्या काका, गुरुवारातून वळते करू.”

आणि हो, पुढच्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेला चोवीसजण आले. गणपूर्ती झाली, सभा वेळेवर भरली आणि तहकूब झालीच नाही. कोपऱ्यावरच्या तर्रीपोहेवाल्याचे तेवढे नुकसान झाले.